पाव मैल

सव्वीस वर्षं सोडतीत नाव निघालं नाही.
दर जूनला दोन अर्ज, एक रामिरोचा, एक माझा,
आहोच्या पोस्टात, एकाच पाकिटातून.
नाव निघालं नाही की दरसाल एक गुण जमा होतो.
माणूस गेला की त्याचे गुण कुणाच्या नावावर चढत नाहीत.
त्याचे पंचवीस होते.

सत्ताविसाव्या वर्षी माझं निघालं.

फाटकावरच्या मुलीनं कागद पुढे केला:
साप, ऊन, सरावातले न फुटलेले बॉम्ब,
यातल्या कशानंही मेलात तर तुमचं तुम्ही बघा.
मी चष्मा न लावताच सही ठोकली.
तेओ, माझा भाचा, दोनदा वाचत बसला.

पुढे बावन्न मैल रस्ता,
म्हणजे कुणीतरी आधी गेलं होतं एवढाच पुरावा.
तळ म्हणावं असं तिथं काही नाही.
नळ नाही, चूल नाही, आडोसा नाही,
एका आयर्नवूडची सावली, तीही दुपारी उठून जाते.
पाणी आपलं आपण न्यायचं. सहा कॅन.
त्यांच्यावर रामिरोच्या हातच्या निळ्या रेघा:
सोमवार. मंगळवार. बुधवार.
मी अजून त्याच्या रेघेखाली जात नाही.

आणि तिथला एक नियम:
पाणवठ्यापासून पाव मैल लांब झोपायचं.
रात्री ज्यांना प्यायचं असतं
त्यांना आपल्या घोरण्यातून वाट सापडत नाही.
तेओ म्हणाला, इथं कोण बघतंय?
मी पावलं मोजली. माझी पाचशे साठ होतात.

डिसेंबर. कॉफी ओठांपर्यंत येईतो गार.
विमानं गेली, जोडीनं,
आणि त्यांचा आवाज बऱ्याच मागून,
बाजारात बायकोच्या मागे पिशव्या घेऊन येणाऱ्या
नवऱ्यासारखा.

तिसऱ्या दिवशी घळीच्या माथ्यावर
एडका येऊन उभा राहिला.
शिंगांची टोकं बोथट, दगडावर घासून घासून त्यानंच केलेली,
वाढलेलं शिंग नजरेच्या आड येतं म्हणून.
दुर्बिणीतून वळ्या मोजल्या. नऊ.
म्हणजे हा पोटात होता त्या उन्हाळ्यात
कड्याखालच्या टाकीत रामिरो पाणी ओतत होता,
पाठीवर डबे, तोंडात शिव्या.
याच्या आईनं तेच पाणी प्यायलं असेल.
असेल. शपथेवर सांगता यायचं नाही.
तहानलेल्याचं पाणी तोडू नये, आई सांगायची.
ज्याला पाजलं त्याच्यावर नेम धरावा का,
हे तिला विचारायचं राहून गेलं.

अर्धा श्वास सोडला. बार झाला.
तो दोन पावलं पुढे आला,
काहीतरी विसरलं म्हणून माघारी वळावं तसा वळला,
आणि बसला.

चार खेपा. शेवटची अंधारात.
तेओ ओकोटियोच्या झुडपामागे ओकला,
मग तोंड पुसून मागची फरी खांद्यावर घेतली
आणि तळापर्यंत बोलला नाही.
डोकं मी आणलं.
शिंग माझ्या मानेला बराच वेळ ऊबदार लागत होतं.
हात धुवायला एक कप काढला,
उद्याच्या रेघेतला.

कचेरीत शिंगाला भोक पाडून नंबर ठोकला.
बाई म्हणाली, एका जन्मात एकच, ठाऊक आहे ना?
ठाऊक होतं. तरी मी पुन्हा विचारलं.

जून आला. पेन हातात घेतलं, पाकीट काढलं,
आणि मग टेबलापाशी नुसतीच बसले.
दुसऱ्या दिवशी तेओची पिकअप मागून घेतली.
कड्याखालची टाकी भरली, दोनशे लिटर,
थोडं सांडलं, त्यावर लगेच गांधिलमाश्या.
मग गाडी मागे घेतली,
आणि पाव मैलावर,
आता पाचशे ऐंशी पावलं होतात,
घडीची खुर्ची उघडून
पाण्याकडे पाठ करून बसले.