शून्य चोक

तार्तूत जानेवारी. सव्वाआठ वाजले, खिडकीत अजून रात्रच.
खाली एमायोगी गोठून पडलेली.
नावात योगी आहे, म्हणून मी उगीच म्हणतो
हिला समाधी लागली. हसायला इथं कुणी नाही.

समोर तीयू दोन याद्या लिहिते.
एकीत शहरं: हेलसिंकी, फ्रँकफर्ट, डब्लिन.
दुसरीत कामं: चाचणी, साठा, राखीव, दार.
‘मी फक्त याद्या देते,’ ती म्हणते, ‘लग्नं तो लावतो.’

तो म्हणजे एका शब्दाचं फंक्शन,
पत्रिका न बघणारा भटजी.
प्रत्येकाला प्रत्येकाशी बांधतो,
मधे आडवी रेघ मारून नाव ठेवतो:
डब्लिन-राखीव. हेलसिंकी-दार.
तीन चोक बारा.
कुठल्याशा थंड खोलीत बारा यंत्रं
जागी आहेत गेलं वर्षभर.

आज पडदा म्हणतो:
नवीन शून्य. बदल शून्य. नष्ट बारा.
पुढं जायचं? हो लिहा.

तीयूचं बोट हवेत.

रात्री उर्मासनं एका फाइलचं नाव बदललं होतं.
शहरांची यादी आली, पण रिकामी आली.
कुठं लाल अक्षर नाही, कुरकुर नाही.
गणित अगदी बरोबर:
शून्य चोक शून्य.
चारही कामं धडधाकट उभी,
आणि जोडायला शहर नाही.

‘आईच्या बालवाडीत,’ ती एकदम म्हणाली,
‘तिकडं, सरहद्दीजवळ,
हातमोजे वाळवायचं एक कपाट आहे.
डावे, उजवे, कुणाचे कुणाला.
लाल डावा, हिरवा उजवा, मिळेल ते चढवून
पोरं बर्फात.
आई जोड्या लावत बसायची नाही.’

मग कॉफीचा घोट. गार झालेली असणार.

‘मोजे आहेत अजून. खुंट्या आहेत,
खुंटीवर घुबड, बेडूक, साळिंदर.
मुलांची यादी तेवढी
ऑगस्टमध्ये रिकामी आली.
नगरपालिकेनं हो लिहिलं.’

तीयूनं नाही लिहिलं.
फाइलचं नाव दुरुस्त केलं, पुन्हा विचारलं.
बदल: काही नाही.
उर्मास आला, बूट झटकत, शीळ घालत.
त्याला तिनं लगेच सांगितलं नाही.

खिडकी राखाडी झाली.
‘दर सोमवारी,’ ती पडद्याकडं बघतच म्हणाली,
‘आई जाते आणि कपाट चालू करते.
अर्धा तास.
लोकर ओल धरते म्हणे.’