पाऊणपट

रबाळ्याला पहाटे पावणेतीनला फाटक उघडेना.
कार्ड माझं, बोट माझं,
ओळख मात्र डब्लिनला ठेवलेली,
आणि डब्लिनला काहीतरी बिघडलंय.
पडद्यावर एकच: पुन्हा प्रयत्न करा.

मागच्या महिन्यात त्यांच्या वेळेच्या रकान्यात
आपला अर्धा तास मावेना.
साडेपाच कसले?
पाच लिहा नाहीतर सहा, म्हणाले.
मी सहा लिहिले.
माझी तीस मिनिटं तिकडं कुणाकडे तरी पडून आहेत.

बुधाजी मढवी खुर्चीतून उठत नाही.
सर्व्हरची गरम हवा बाहेर पडते
तिथं त्याच्या बापाचं मिठागर होतं,
हे मला चहावाल्यानं सांगितलं, त्यानं नाही.
तो पेरं मोजतोय:
आज दशमी. दहाची पाऊणपट.
साडेसातला भरती.
अर्धा तास त्याच्या अंगठ्याखाली
मुकाट बसला.

मग उठला. गणवेशाच्या आतून नव्हे,
खुर्चीमागून पहार काढली.
"सरक गो जरा."

सकाळी मेल:
अडचण सत्तेचाळीस मिनिटं.
प्रणाली आपोआप पूर्ववत.

आपोआपनं तोवर
पहारीचा गंज विजारीला पुसला होता
आणि जाळं घेऊन
साडेसात गाठायला निघाला होता.