अक्षरामागे पंधरा रुपये

नागपाड्यात, मस्तान तलावाच्या कोर्टासमोर
जिन्याखालच्या गाळ्यात मी जर्सीवर नावं चिकटवतो.
इस्त्री, कात्री, रबरशीटची भेंडोळी.
अक्षरामागे पंधरा रुपये,
आकडा फुकट.

पोरांना अमेरिकेतल्या खेळाडूंची नावं हवी असतात,
पण तिथेच जन्मलेल्यांची आखूड, स्वस्त नावं
हल्ली कुणी मागत नाही.
त्यांना हवीत ती बाहेरून आलेली, लांबलचक,
ज्यांत के तीनदा येतो, झेड शेवटी फुरफुरतो,
जी खांद्यावरून निघून दुसऱ्या खांद्यावर पोचताना
बगलेत घुसतात.
एका नावात सी-च्या डोक्यावर उलटी टोपी निघाली.
"ती लाव हां चाचा, नायतर तो दुसराच कोणतरी होईल,"
दोनदा दहावीला बसलेलं पोरगं मला बजावत होतं.
कात्रणातून टोपी कापली.
मात्रेचे पैसे मी घेत नाही.

इस्त्री तापेपर्यंत पोरं सांगतात,
खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक:
एकाच्या गावात रिंग म्हणून बादलीचा तळ काढला होता.
एकाचं मैदान लढाईत खंदक झालं,
तो खंदकाच्या काठावर ड्रिबल शिकला.
एक बोटीवर मासे उतरवायचा,
अजून चेंडू झेलतो तो माशासारखा, निसटेल म्हणून पोटाशी.
आता त्यांच्या नावाने वीस हजार माणसं ओरडतात,
चुकीच्या उच्चारात.

आमचे गुरुजी शाळेत म्हणायचे,
पायाखाली सरळ खणत गेलं की अमेरिका, तेच पाताळ.
म्हणजे बळी तिथेच कुठेतरी असणार.
डोक्यावर पाय देऊन ढकलला,
तर तिथेही राजा झाला.
माझं नाव वामन,
त्यामुळे हा विषय निघाला की मी इस्त्रीकडे बघतो.

ताबिश सतराव्या वर्षी सहा फूट सात.
गाळ्यात शिरताना जिन्याला कपाळ आपटून घ्यायचा
आणि जिन्यालाच सॉरी म्हणायचा.
एकदा कोरी जर्सी टाकली टेबलावर.
"कुणाचं नाव?"
"माझं."
मुकादम. सात अक्षरं, एकशे पाच.
शंभर घेतले.

मग तो गेला.
बर्फात रुतलेलं कुठलंसं कॉलेज,
तिथून मोठ्या लीगचं दार दिसतं म्हणे.
दिसतं, एवढंच.

पहाटे साडेसहाला मोबाईल इस्त्रीला टेकवून
मी आणि त्याची आई रुकैयाभाभी बसलो.
बाकावर तो होता. टॉवेल, गुडघे.
भाभी प्रत्येक वेळी म्हणाली, "तो बघ,"
जणू मला दिसतच नव्हता.
शेवटची चाळीस सेकंदं उरली तेव्हा कोचने बोट केलं.
निवेदक म्हणाला, "मकॅडम!"
मकॅडम म्हणजे खडी टाकून रोलर फिरवलेला रस्ता.
मुकादम त्या रस्त्यावर उभा राहून काम करून घेतो.
हे त्याला कोण सांगणार?

चेंडू मिळाला. एक पाऊल, दोन,
आणि शिट्टी.
पंचाने मुठी एकमेकींभोवती फिरवल्या,
सूत गुंडाळावं तशा.

"काय झाला? फाऊल?"
"नाही भाभी. चेंडू धरून दोनच पावलं चालतात.
त्याने तिसरं टाकलं."

भाभी पडद्याकडे बघत राहिली.
चहावर साय धरली.
"मग ते टाकायलाच गेलाय ना तो," म्हणाली.

तिकडे तो पाठमोरा झाला,
चेंडू समोरच्याला देऊन मागे धावला.
तेवढ्यात मला दिसलं,
शेवटचा एम किंचित तिरका बसलाय.