मतांगिकार

फेरोच्या या टोकाच्या बेटावर झाड उगवत नाही.
चर्चच्या तुळया समुद्राने आणून दिल्या,
कुठल्या तरी सायबेरियन नदीतून सुटलेले ओंडके,
वेदीवरचा क्रूसही त्यातलाच.
दमट दिवसांत त्याला अजून मीठ फुटतं.
वडील ते फडक्याने पुसायचे.
मी चाटून पाहायचे, कुणी नसताना.

पाळक यायचे चौथ्या रविवारी,
तेही होडी धक्क्याला लागली तर.
मधले तीन रविवार वडिलांचे :
टुम्मास, मेंढरं राखणारा, डाव्या हाताला दोन बोटं नसलेला,
छापील प्रवचन वाचायचा एका सुरात
हवामानाचा अंदाज वाचावा तसा,
आणि मग सगळे उभे राहायचो
मतांगिकार म्हणायला.

मी तेरा वर्षांची. दृढीकरण तोंडावर आलेलं.
म्हणून इतरांचे ओठ पाहत राहायचे,
कुठे अडलेच तर उचलून घ्यायला.

आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा बाप :
इथपर्यंत सगळे बरोबर.
खिडकीतून दोन्ही दिसायची, पृथ्वी जरा कमीच.
कुमारीच्या पोटी जन्म म्हटलं की रान्वा खोकायची,
पण ती कशावरही खोकायची.
पंतय पिलाताची मला दया यायची,
एवढ्याशा वाक्यात एकट्याचीच नाचक्की
दर रविवारी, न चुकता.
मेला, पुरला गेला, अधोलोकी उतरला :
इथे पुरुषांचे आवाज खोल जायचे,
जाळं सोडताना जातात तसे.
तिसऱ्या दिवशी
बाहेर मेंढ्या ओरडायच्या. कधी नाहीही.

शेवटाकडे काहीतरी व्हायचं.
पातकांची क्षमा, या शब्दांवर
वडिलांचे ओठ हलायचे, आवाज नसायचा.
आणि तिसऱ्या बाकावरची सुन्वोर,
एरवी नुसती पुटपुटणारी,
तेवढेच दोन शब्द खणखणीत म्हणायची,
दुकानदाराने वहीतली उधारी खोडावी
गिऱ्हाइकासमोर, तशी.
लगेच पुढे : देहाचं पुन्हा उठणं.
आता सुन्वोर गप्प. नजर हातमोज्यांवर.
आणि वडील, तिच्याकडे न बघता,
एका होडीवरून दुसरीला
वाऱ्याच्या वरताण हाक द्यावी
तसे ते शब्द फेकायचे.

मग सार्वकालिक जीवन. आमेन.
ते सगळ्यांचं.

घरी विचारलं. आई बटाटे सोलत होती.
म्हणाली, ग्रीनलंडच्या पाण्यात, तू पोटात होतीस तेव्हा,
एका दोराला दोघं होते,
तुझे वडील आणि सुन्वोरचा हेयिन.
हेयिन सापडलाच नाही.
दोर कुणी सोडला?
सुन्वोरने कधी विचारलं नाही, आई म्हणाली,
आणि धुतलेला बटाटा
पुन्हा धुतला.

परीक्षेच्या दिवशी पाळक बूट वाळवत बसले होते.
म्हणाले, मतांगिकारात "मी" म्हणतो आपण,
मग तो सगळ्यांनी मिळून का म्हणायचा?
मला एक उत्तर येत होतं.
मी पुस्तकातलं दिलं.

आता वडील उतारावर आहेत, कुंपणाच्या आत.
दोन दगड सोडून सुन्वोर.
तिच्या दगडावर हेयिनचंही नाव, एकाच तारखेसह;
दुसरी कुणाला नक्की सांगता आली नाही.
मधले तीन रविवार माझे.
आम्ही सात जण असतो, नाताळात अकरा.
क्षमेचे शब्द मी जरा मोठ्याने म्हणते,
सवय म्हणून म्हणा.
पण देह उठण्याची ओळ आली
की मला ती दोन बोटं आठवतात.
कुठल्या माशाच्या पोटातून
कुठल्या माशाच्या पोटात गेली असतील,
आणि परत आली
तर इतक्या वर्षांनी मापाला बसतील का.

परवा रान्वाचा नातू विचारत होता,
अजून पाठ न झालेला, माझ्या ओठांवर नजर ठेवणारा :
तिथे तू थांबतेस का गं?

वारा होता, म्हटलं.
दार नीट लावून घे.