एप्रिलपर्यंत

या गावात मी माणसं तेलावरून ओळखते.
बावीस वर्षं झाली काउंटरमागे.
पास्टर रेम्पेल, पाच-डब्ल्यू-तीस,
पुस्तकात लिहिलंय तेवढंच, थेंबभरही जास्त नाही.
बर्फ उपसणारा ड्वेन, स्वस्तात असेल ते.
आणि ओरेस्ट ह्नाटिउक, पंधरा-डब्ल्यू-चाळीस,
बारा महिने, एकतीस वर्षं, तोच एक पिकअप,
मागच्या फळीवरचा रंग सास्काचेवानच्या उन्हानं खाल्लेला.
दाट तेल म्हणजे इंजिनाच्या अंगात जाड बंडी,
असं त्याचं म्हणणं.

नोव्हेंबरच्या शेवटी तो नातीला घेऊन आला.
हाल्याला उत्तरेच्या खाणीत नोकरी लागलेली,
चौदा दिवस काम, चौदा दिवस घर,
आणि पिकअप आता तिचा.
तिथे गाड्या लावतात त्या मैदानात
हीटरची वायर खुपसायला एक खांब नाही, ती म्हणाली,
शून्य-डब्ल्यू-तीस द्या.

शून्य!
ओरेस्टनं टोपी काढून काउंटरवर ठेवली.
पाण्यावर चालवणार का इंजिन?
तीन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत,
बेअरिंगं सैल आहेत माझ्या दातांसारखी.
सिग्नलला थांबलीस की दाबाचा काटा तळाला जाईल.

मी सांगू शकले असते:
सगळे वजन म्हणतात,
पण तराजूत घातले तर दोन्ही डबे जवळपास सारखेच.
वजन नव्हे ते, चाल आहे.
पहिला आकडा पहाटेचा, कोण किती लवकर उठतं त्याचा.
दुसरा भर दुपारचा, तापल्यावर कोण किती टिकतं त्याचा.
पण काउंटरवर ज्ञान फुकट मिळतं,
म्हणून कुणी नेत नाही.

मी चोकचेरीच्या जामच्या दोन रिकाम्या बरण्या काढल्या.
एकीत त्याचं तेल, एकीत तिचं.
रात्रभर दुकानाच्या मागच्या पायरीवर ठेवल्या.

सकाळी उणे अडतीस.
नाकातले केससुद्धा ताठ.
हाल्यानं तिची बरणी कलंडली.
तेल निघालं, घाईत नाही, पण निघालं,
हाक ऐकून कुणी कुरकुरत उठावं तसं.
ओरेस्टनं त्याची कलंडली.
मग उलटी केली.
मग हलवली.
तळाशी मधाच्या रंगाचा गोळा,
थिजलेल्या तुपासारखा, ढिम्म.

तो बरणी तशीच उलटी धरून उभा.
घरी वायर असायची, म्हणाला, पण तळ्यावर कुठली?
बर्फाला भोक पाडून मासे धरत बसायचो दिवसभर,
निघताना किल्ली फिरवली
की वरून कोरडं खडखडायचं थोडा वेळ.
मी म्हणायचो, थंडी बोलतेय.

कुणीच काही बोललं नाही.
ड्वेनचा नांगर रस्त्यावरून घासत गेला.

तसं काट्याचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.
जुलैत गवताचे भारे लादून चढ चढताना
झिजलेल्या इंजिनाला दाट तेलच सावरून धरतं.
मी तेही सांगितलं.
तो टोपी शोधत होता. डोक्यावरच होती.

जानेवारीत हाल्या वायपर घ्यायला आली.
उणे एक्केचाळीसातही पहिल्या किल्लीला सुरू झाला, म्हणाली,
आणि बॉनेट उघडून मला दाखवलं:
रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर कागदी चिकटपट्टी,
त्यावर म्हाताऱ्याचं युक्रेनी अक्षर.
मला काय कळतंय? तिनंच वाचून दाखवलं:
शून्य-डब्ल्यू-तीस, एप्रिलपर्यंत.
त्याखाली: पुढचं मला विचार.

दुसरी ओळ दोन-तीनदा गिरवलेली होती.
पेन चालत नव्हतं, ती म्हणाली,
गॅरेजमध्ये एवढी थंडी, शाईच उतरेना.
आजोबांनी ते काखेत धरलं,
ऊब लागेपर्यंत थांबले,
आणि मग लिहिलं.