बोटभर हिरवी तार

लोकमान्यनगर, इंदूर. जिना बाहेरून, लोखंडी.
टोकेकरांनी किल्ली दिली, वर म्हणाले,
तसं काही नाही हो, पोरीला सवय नाही अजून,
हलकासा करंट कुठल्या घरात नसतो?

पोरगी बऱ्हाणपूरची, एम.वाय.मध्ये नर्स.
रात्रपाळी संपवून आलेली, डोळे लाल.
नाव हर्षाली.
भाडं साडेसात हजार, फ्रिज-गीझर धरून.
तक्रार अशी तिने काही सांगितली नाही,
नुसता फ्रिज उघडून दाखवला :
खांद्यावरचं फडकं हाताला गुंडाळलं,
लाकडी पाटावर चढली,
अंग आखडून दार ओढलं,
सोवळ्यात असल्यासारखी.

पाट कुणाचा?
आधीच्यांचा. जाताना ठेवून गेले.
त्यांना म्हणे त्यांच्या आधीच्यांनी दिला होता.

न्हाणीघरात बटणाच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं,
गीझर बंद करूनच नळ सोडावा.
त्याखाली दुसऱ्या कुणाच्या हातचं, हिंदीत :
सच में.

फ्रिजच्या मुठीला टेस्टर टेकवला.
पोटातला दिवा लागला, अगदी आज्ञाधारकपणे.
इस्त्रीला लावला, लागला.
गीझरच्या पाइपाला लावला,
आणि खालून टोकेकरांनी हाक मारली,
चहा टाकू का?

मेगरचा काटा मी वहीत उतरवला.
मग बोर्ड उघडला.
चार स्क्रूंपैकी तीनच होते,
आत पालीचं एक वाळकं शेपूट,
आणि तिसऱ्या भोकामागे, जिथं सगळ्या घराचा भरवसा असतो,
तिथं काही नाही.

म्हणजे तार होती. हिरवी. बोटभर.
टोकाला काळी पट्टी, तीन वेढे,
शेवटचा वेढा उलटा दुमडलेला.

उलटा मीच दुमडतो. मी डावखुरा आहे.

उस्ताद नंदलालजींच्या हाताखाली होतो तेव्हा,
सतरा वर्षांचा, कानामागे पेन्सिल.
खाली खड्डा घ्यायचा होता,
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी,
कागदावर सगळं लिहिलेलं होतं.
टोकेकर तेव्हा काळ्या केसांचे. ते म्हणाले,
वर भाडेकरूच तर राहणार आहेत.
उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, दाब आत.
दाबली.

त्यानंतर माझं लग्न झालं, दुकान झालं,
रेडिओ कॉलनीत दोन खोल्या झाल्या,
तिथं मी स्वतः खड्डा खणला, सहा फूट.
आणि इथं माणसं येत गेली,
कुणी खरगोनचं, कुणी देवासचं,
ओल्या हातांनी, अनवाणी, दिवे लावत राहिली,
चटका बसला की स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली,
जसं काही चूक हाताचीच.

मी खाली गेलो. चहा गार झाला होता.
टोकेकरांना म्हटलं, तांबं तुमच्या पैशाचं.
खड्डा माझा.
मजुरी? त्यांनी विचारलं.
ती झाली, म्हटलं. आगाऊच घेतली होती.
त्यांना कळलं नाही. मीही सांगितलं नाही.
एवढं धैर्य त्या दिवशी नव्हतं.

रविवारी टाकीजवळ खणलं.
तीन फुटांवर मुरूम लागला, पहार झणझणली,
दुपारपर्यंत तळहात फुटले.
मीठ, कोळसा, मीठ, कोळसा. वर पाणी.
पेटीत नवं ईएलसीबी, त्याचं बटण दाबून बघितलं,
खटकन पडलं. पुन्हा चढवलं. पुन्हा दाबलं.
उगाच, चार वेळा.

मग टेस्टर मुठीला. अंधार.
इस्त्रीला. अंधार.
पाइपाला. मी जरा वेळ तसाच धरून राहिलो.

बघ, हर्षालीला म्हटलं. आता हात लाव.
ती हसली. हो म्हणाली.
फडकं गुंडाळलं, पाटावर चढली,
अंग आखडून दार ओढलं.
सवयीला मेगर नसतो.

दही आहे, घ्या, म्हणाली.
मी जिन्यावर बसून खाल्लं.
वाटी स्टीलची होती.
गार लागली. आणखी काही नाही.