मुदतठेव

छत्तीस वर्षं मी सहकारनगर शाखेत
ठेवींच्या खिडकीत बसले.
लग्न ठरलं, बोअर आटली, कुणाचं ऑपरेशन,
लोक पावती पुढे सरकवायचे
आणि मी म्हणायचे,
मोडू नका हो, थोडक्यासाठी कशाला व्याज बुडवता.
पुष्कळ जण ऐकायचे.

तेच मी घरीही बोलले.
आल्हाद, तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास,
भर मे महिन्यात दोन चादरी, तरी दात वाजत होते.
कात्रजच्या पलीकडल्या केंद्रातून फोन आला,
खाट रिकामी झालीय, आजच आणा,
भरायचे बेचाळीस हजार.
मी कपाट उघडलं, पावती काढली, तारीख पाहिली.
अकरा दिवस.
म्हटलं, एवढे काढलेस, आणखी अकरा काढ.
तू हो म्हणालास की नुसता कण्हलास
ते अजून ठरवता आलेलं नाही.

आठव्या रात्री स्वारगेट चौकीचा फोन.

ठेव मात्र वेळेवर पिकली,
पैशाचीही चूक नाही.
तुझं बचत खातं मी माझ्याच हाताने बंद केलं,
शिल्लक एकशे सात रुपये,
जांभळा शिक्का नीट चौकटीत बसला.

हे म्हणाले, देवळाला फरशी घालू.
मी विक्रांत ढमढेरेला बोलावलं,
त्या रात्री तुझ्याबरोबर असलेल्या विक्रांतला.
दोन वर्षं झाली, त्याने हात लावलेला नाही,
पण कप उचलताना बशी अजून वाजते.
एका पानाचा अर्ज केला आम्ही, वर तुझं नाव.
'व्यसन लागण्याचे कारण' हा रकाना
त्याने मला खोडायला लावला.
काकू, ते माहीत असतं
तर अर्ज कशाला केला असता कुणी.

वर्षाच्या व्याजात दीड माणूस बसतो.
तीनदा मांडून पाहिलं. दीडच.
मग उरलेल्या अर्ध्यासाठी फोन करत बसते.
आमचे मॅनेजर पाचशे देतात आणि वीस मिनिटं
आजकालच्या पिढीबद्दल बोलतात.
लोंढे शिपाई दोन हजार आणून ठेवतो,
पावती नको म्हणतो.
त्याच्या घरी कोण, मी विचारत नाही.

पहिला सिद्राम, अपर इंदिरानगरचा,
मार्केट यार्डात बटाट्याची पोती उचलायचा, वय एकवीस.
नवव्या दिवशी कुंपणावरून उडी मारून गेला.
आपले पैसे पाण्यात, असं हे म्हणाले.
मी 'आपले' या शब्दावर अडून राहिले.
दुसरी मेहजबीन, कोंढव्याची, झोपेच्या गोळ्या.
पस्तीसच्या पस्तीस दिवस राहिली.
परवा लुल्लानगरच्या सिग्नलला दिसली, स्कूटीवर,
मागे भाजीची पिशवी.
माझ्याकडे बघून तिने ओळख दाखवली नाही.
इतकं बरं वाटलं.

आणि आज सकाळी सिद्रामचा पुन्हा अर्ज.
अक्षर तेच, उजवीकडे घसरत जाणारं.
नियम सातवा : एका व्यक्तीस एकदाच.
मीच लिहिलेला, बँकेच्या भाषेत, उपनियमांसकट.
विक्रांतने केंद्रात फोन लावला.
खाट?
आहे. आजच्या दिवस आहे.
व्याज जमा व्हायला अजून चार दिवस.

मी नियमावर रेघ मारली. सरळ आली नाही.

खिडकीत आता नवी मुलगी आहे,
नखांना निळा रंग, मान खाली घालून तारीख बघते.
आजी, म्हणाली, चार दिवस थांबा ना,
उगीच दंड बसेल, व्याज बुडेल.
मनापासून म्हणाली. मीही मनापासूनच म्हणायचे.
पुढल्या वर्षी दीडाचा सव्वा होईल,
तो पाव मी कुठूनही आणीन.

मोड, म्हटलं.
सही कुठे करायची ते ती दाखवू लागली.
बाहेर रिक्षात विक्रांत, आणि त्याच्या शाली‌त
थरथरणारा तो,
मीटर चालू.